अंतर ठरलेलं, वेळ बदलती: लांब पल्ल्याच्या उड्डाणांची पार्श्वभूमी

दोन विमानतळांमधलं अंतर म्हणून जो आकडा दिला जातो, तो बहुधा बृहद्वृत्तावरचा असतो, म्हणजे पृथ्वीच्या गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेचा. नकाशाकार मर्केटरने १५६९ मध्ये केलेल्या नकाशाच्या पद्धतीत ही वाट ध्रुवाकडे वाकलेली, म्हणून उगाच लांबची वाटते. हिशेबाला दोन्ही ठिकाणचे अक्षांश-रेखांश पुरतात. पृथ्वी पूर्ण गोल मानून ६,३७१ किमी त्रिज्या धरली, तर चूक फार तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहते. १०,००० किमीवर ते झाले ५० किमी, उड्डाणाची तीन-चार मिनिटं. १९७५ मध्ये व्हिन्सेंटी यांनी ध्रुवांपाशी किंचित चपट्या पृथ्वीसाठी दिलेली सूत्रं हीही चूक जवळजवळ संपवतात.

वेळेचा हिशेब मात्र इतका सरळ नाही, कारण त्यात वारा येतो. जपानमध्ये हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून उंचावरचे अतिवेगवान पश्चिमी वारे मोजले. पण १९२६ चा त्यांचा अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत असल्याने फारसा कुणापर्यंत पोहोचला नाही. पुढे नोव्हेंबर १९५२ मध्ये पॅन अ‍ॅम या अमेरिकी कंपनीचं विमान याच जेट प्रवाहाचा फायदा घेत टोकियोहून होनोलुलूला गेलं. १८ तासांचा प्रवास साडेअकरा तासांवर आला.

आजच्या विमानाचा हवेतला वेग ताशी सुमारे ९०० किमी धरा. वारा नसेल तर १०,००० किमीला ११ तास ७ मिनिटं. ताशी १०० किमीचा वारा पाठीशी असेल तर १० तास, समोरून असेल तर साडेबारा. म्हणजे परतीत वाचलेला वेळ जाताना गेलेल्या वेळेची पूर्ण भरपाई करत नाही. वेळापत्रकातली वेळ तर गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते, त्यामुळे जमिनीवरची धाव आणि चढण-उतरण यांसाठी अर्धा-पाऊण तास वेगळा धरावा. सुटण्या-पोहोचण्याच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. दोन्ही यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, बदलल्याशिवाय वजाबाकी करू नये.

मार्ग नियमांनीही वाकवले. अमेरिकेच्या १९५३ च्या नियमानुसार दोन इंजिनांच्या विमानाला, एक इंजिन बंद पडलं तरी, तासाभरात गाठता येईल अशा विमानतळाच्या टप्प्यातच राहावं लागे. महासागरावर त्यामुळे वळसे पडत. १९८५ मध्ये पात्र विमानांसाठी ही मर्यादा १२० मिनिटांवर नेली आणि वाटा सरळ होऊ लागल्या.

राजकारणाचा फटका सर्वांत मोठा. शीतयुद्धात सोव्हिएत हवाई हद्द टाळण्यासाठी युरोप-जपान विमानं अलास्कातल्या अँकरेजला थांबून जात. ती हद्द हळूहळू खुली झाली आणि थांबा गेला. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाची हद्द अनेक युरोपीय कंपन्यांना पुन्हा बंद झाली. हेलसिंकी-टोकियो अंतर बदललं नाही, पण साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास वळशामुळे सुमारे तेरा तासांवर गेला.