तिरळा डोळा वेगळा, आळशी डोळा वेगळा

‘डोळा जरा तिरळा आहे, पण तिरळं मूल नशीबवान असतं म्हणतात,’ असं म्हणत कितीतरी घरांत उपचाराची वर्षं निघून जातात.

तिरळेपणात दोन्ही डोळे एका जागी रोखलेले नसतात. तो समोरच्याला लगेच दिसतो. आळशी डोळ्याची गोष्ट निराळी. त्या डोळ्याने नीट बघायला मेंदू लहानपणी शिकलेलाच नसतो, त्यामुळे बरोबर नंबरचा चष्मा लावूनही तक्त्यावरच्या खालच्या ओळी वाचता येत नाहीत.

तिरळेपणामुळे डोळा आळशी होऊ शकतो, कारण एकाची दोन दिसू नयेत म्हणून मेंदू एका डोळ्याचं चित्र सोडून देतो. पण एका डोळ्याला नंबर नाही आणि दुसऱ्याला प्लस चार, असं असलं तर डोळे अगदी सरळ दिसतात आणि तरी एक आळशी पडतो. मला काळजी वाटते ती याच मुलांची. त्यांचा एकेक डोळा हाताने झाकून बघा. कमजोर डोळा झाकला तर मूल खुशाल चित्रं बघत बसतं. चांगला झाकला की तुमचा हात ढकलतं, चिडतं. असं झालं तर तपासणी लांबवू नका. आणि असं झालं नाही, तरी शाळेत घालण्याआधी एकदा डोळे तपासून घ्याच.

आळशी डोळ्याला आधी चष्मा. काहींची नजर तेवढ्यानेच सुधारते. बाकीच्यांना चांगल्या डोळ्यावर पट्टी, किंवा त्याच चांगल्या डोळ्यात त्याची नजर काही काळ धूसर करणारे ॲट्रोपिनचे थेंब. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, मध्यम दोष असलेल्या सात वर्षांखालच्या मुलांना रोज 2 तास पट्टीचा 6 तासांइतकाच फायदा झाला. पट्टी काचेवर नको, कातडीवर चिकटवा. नाहीतर मूल चष्म्याच्या कडेवरून हळूच बघतं.

तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत स्नायूंची जागा किंवा लांबी बदलून डोळा सरळ करतात. त्याने आळशी डोळ्याची नजर वाढत नाही. ‘ऑपरेशन झालं, आता पट्टी कशाला?’ ही चूक फार महागात पडते.

ही शस्त्रक्रिया चाळिशीतही होते. आळशी डोळ्याला मात्र वयाची घाई आहे: सात वर्षांच्या आत फरक चांगला पडतो, पुढे कमी होत जातो. तरी पूर्वी उपचार न झालेल्या 13 ते 17 वर्षांच्या काही मुलांनाही फायदा झालेला आहे, म्हणून ‘वय गेलं’ असं स्वतःच ठरवू नका. मोठ्यांसाठी खात्रीचा इलाज अजून नाही. त्यांनी चांगला डोळा जपावा, नंबर नसला तरी सहज न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या काचांचा चष्मा वापरावा.