जॉर्ज हॅरिसनच्या गिटारवरची रंगपुटं

२५ जून १९६७ रोजी ‘आवर वर्ल्ड’ हा कार्यक्रम उपग्रहांमार्फत अनेक देशांत एकाच वेळी थेट दाखवला गेला. त्यात बीटल्स हा ब्रिटिश बँड होता, आणि त्यातल्या जॉर्ज हॅरिसनच्या गळ्यात डोळे दिपवणाऱ्या नारिंगी, गुलाबी, हिरव्या पट्ट्यांची इलेक्ट्रिक गिटार होती. लोकांना ती दिसली मात्र कृष्णधवल. ब्रिटनमध्ये बीबीसीचं रंगीत प्रक्षेपण सुरू झालं ते १ जुलैला!

या गिटारचं नाव ‘रॉकी’. ती मुळात फेंडर कंपनीची १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर. कंपनीतून आली तेव्हा ती फिकट निळी होती. या रंगाचं नाव सॉनिक ब्लू आणि तो चक्क कॅडिलॅक मोटारीचा. फेंडर कंपनी नेहमीच्या छटेऐवजी खास रंग हवा असणाऱ्यांकडून ५ टक्के जादा घेई आणि ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीचे मोटारींचे रंग मारून देई. त्यांतला ‘ड्युको’ म्हणजे नायट्रोसेल्युलोजचं लॅकर. आपल्याकडचे फर्निचरवाले आजही ‘ड्युको मारू का?’ असं विचारतात, ते नाव इथलंच.

या लॅकरमध्ये सुकताना रासायनिक क्रिया जवळपास होतच नाही. द्रावक उडून जातो आणि पातळ पापुद्रा मागे राहतो. वर दुसरा हात मारला की त्यातला द्रावक खालचा थर किंचित विरघळवतो आणि दोन्ही थर एकजीव होतात. म्हणूनच ते सुकतं झटपट आणि दुरुस्तीलाही सोपं. पण अतिनील किरणांनी नायट्रोसेल्युलोजचे रेणू हळूहळू तुटतात आणि थर पिवळा पडतो. निळ्यावर पिवळी झाक चढली की हिरवट छटा येते. जुन्या सॉनिक ब्लू गिटारी म्हणूनच हिरवट दिसतात आणि शौकीन त्यासाठी जास्त पैसेही मोजतात. हौसेला मोल नाही म्हणतात ते असं.

१९६७ मध्ये हॅरिसनने या निळ्यावर स्वतःच कुंचला चालवला, तोही डे-ग्लो रंगांचा. हे रंग अमेरिकेतल्या बॉब आणि जो स्विट्झर या भावांच्या खटपटीतून आले. साधा नारिंगी रंग पडलेल्या प्रकाशातला नारिंगी भाग परत पाठवतो आणि बाकीचा गिळतो. डे-ग्लो नारिंगी मात्र अतिनील आणि निळा प्रकाश गिळून त्यातली काही ऊर्जा पुन्हा नारिंगी प्रकाश म्हणून बाहेर टाकतो. त्यामुळे त्याच्यावर जितका नारिंगी प्रकाश पडतो, त्याहून जास्त परत येतो! याला अनुस्फुरण म्हणतात. हायलायटर पेनाची शाई याच तत्त्वावर चमकते. पिवळ्या बल्बच्या उजेडात अतिनील आणि निळा प्रकाश कमी, म्हणून तिथे हीच गिटार बरीच मवाळ दिसेल.

या चमकीची किंमतही असते. प्रकाश गिळणारा रेणू दर वेळी सुखरूप परत येतोच असं नाही. कधीतरी ऑक्सिजनशी त्याची क्रिया होते आणि तो कायमचा निकामी होतो. म्हणून भडक अनुस्फुरक रंग उन्हात लवकर विटतात.

मला सर्वांत आवडतं ते गिटारच्या माथ्यावरचं काम. तिथे हॅरिसनने पत्नी पॅटी बॉइडचं चमचमणारं हिरवं नेलपॉलिश फासलं होतं. नेलपॉलिशमध्ये पापुद्रा धरतो तो घटक कोणता? पुन्हा नायट्रोसेल्युलोजच. म्हणजे गिटारचा मूळ थर आणि बाटलीतलं नेलपॉलिश एकाच घराण्यातले. ते अॅसिटोनने पुसायला गेलं तर खालचं लॅकरही सुटून येईल.

आवाजाचं म्हणाल, तर इलेक्ट्रिक गिटारचं पिकअप पोलादी तारेच्या कंपनाने चुंबकीय क्षेत्रात होणारा बदल टिपतं. पातळ लॅकरने आवाज खुलतो असं ठासून सांगणारे वादक पुष्कळ भेटतात. पण पिकअपला तार कळते, तारेखालचा रंग नाही. लाकडाच्या कंपनांतून तारेवर काही परिणाम होत असलाच, तरी भरीव लाकडावरच्या मिलिमीटरभरही जाड नसलेल्या थराचा त्यातला वाटा कानाला कळेल, हे मला तरी पटत नाही.