प्रकाशीय जैवसंवेदक (मत्स्यशेती)

माशांतील विषाणू प्रकाशातील बदलावरून ओळखणारे साधन. अँटीबॉडी (विषाणूला चिकटणारे प्रथिन) किंवा विषाणूच्या आरएनएशी (त्याच्या जनुकीय रेणूशी) जुळणारा डीएनएचा तुकडा विषाणूला पकडतो आणि ती पकड रंगातून वा परावर्तित प्रकाशाच्या कोनातून दिसते. सातारा-सांगलीत चिलापी (तिलापिया) पाळणाऱ्यांना याचा उपयोग मुख्यतः तिलापिया लेक विषाणूसाठी. दहा तुकड्यांचा आरएनए असलेल्या या विषाणूची पहिली नोंद 2014 मध्ये इस्राएलमधून झाली. 2018 मध्ये तो भारतातही नोंदला गेला.

प्रयोगशाळेतील प्रकारात काचेच्या प्रिझमवर सुमारे 50 नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर असतो. विषाणू त्यावर बसला की अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) बदलतो आणि परावर्तित प्रकाशाचा कोन सरकतो. पण पाण्याचा अपवर्तनांक तापमानाच्या दर अंशाला साधारण 0.0001 ने बदलतो, म्हणजे विषाणू नसतानाही कोन सरकतो, त्यामुळे वैशाखात शेततळ्याच्या बांधावर हे यंत्र चालवणे व्यर्थ.

बांधावर चालते ती सोन्याच्या नॅनोकणांची चाचणी. सुटे कण लाल दिसतात (शोषण 520 नॅनोमीटरच्या आसपास). लक्ष्य आरएनए सापडून ते एकत्र आले की द्रावण जांभळे-निळे होते. अडचण इथेच येते. कण सुटे राहतात ते पृष्ठभागावरील ऋणभारामुळे, आणि मीठ तो भार झाकून टाकते. मिरज, पलूस, वाळवा भागातील क्षारपड जमिनीवरच्या तळ्याचे पाणी थेट नळीत गेले, तर विषाणू नसतानाही रंग पालटू शकतो. म्हणून नमुना तळ्याच्या पाण्याचा न घेता यकृत, प्लीहा किंवा मेंदूचा घ्यावा, आरएनए वेगळा करून शुद्ध पाण्यातच मिसळावा. शेजारी दोन नळ्या हव्यातच: एकीत फक्त शुद्ध पाणी, दुसरीत निरोगी माशाचा अर्क. दुसरी निळी झाली तर दोष क्षारांचा किंवा अर्काचा, निकाल रद्द.

मासा सुस्त, डोळे धुरकट वा फुगलेले, पण जिवंत असा निवडावा. तरंगणाऱ्या मेलेल्या माशात आरएनए लवकर तुटतो आणि चाचणी खोटी नकारात्मक येते. ऊतीचे लहान तुकडे 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. घरच्या फ्रीजरमध्ये गोठवणे-वितळवणे टाळावे.

होकारार्थी निकालाची खात्री आरटी-पीसीआरनेच (आरएनए शोधणाऱ्या प्रयोगशाळेतील तपासणीनेच) होते. त्या तपासणीचा निकाल येईपर्यंत बोटुकली विकू नये, जाळे दुसऱ्या तळ्यात वापरू नये, पाणी ओढ्यात सोडू नये.