लिंकन घराणं मुळात आलं कुठून? हिंगहॅम ते केंटकी, सात पिढ्यांची पार्श्वभूमी

अब्राहम लिंकन आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे तो दोन गोष्टींमुळे, एक लाकडी ओंडक्यांच्या झोपडीतला जन्म आणि दुसरं ते हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र, जे कित्येक शाळांच्या भिंतीवर लावलेलं असतं (ते पत्र लिंकननेच लिहिलं याचा काही पुरावा नाही, पण तो वेगळा विषय). झोपडीच्या गोष्टीमुळे असं वाटत राहतं की हे कुटुंब कायमच गरीब, कुठूनतरी जंगलातून उगवलेलं. खरं तसं नाही. लिंकनच्या जन्माआधी 172 वर्षं हे घराणं अमेरिकेत होतं, त्यात लोहार होते, लोखंडाच्या भट्टीतले भागीदार होते, शेकडो एकर जमिनीचे मालक होते, आणि हे स्वतः लिंकनला शेवटपर्यंत नीट माहीत नव्हतं.

मार्च 1848 मध्ये लिंकन वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये होता तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅम गावच्या सॉलोमन लिंकन नावाच्या माणसाने त्याला पत्र पाठवून विचारलं की तुमचे पूर्वज कोण. उत्तरात त्याने वडील थॉमस, आजोबा अब्राहम, ते व्हर्जिनियाच्या रॉकिंगहॅम काउंटीतून साधारण 1782 ला केंटकीत आले, त्याआधीचे लोक पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीतले, एवढं सांगितलं आणि त्यामागचं मी कधी काही ऐकलेलंच नाही असं लिहिलं. पुढे 1859 मध्ये स्वतःची थोडक्यात माहिती लिहून दिली त्यातही तेच, न्यू इंग्लंडच्या (म्हणजे अमेरिकेचा ईशान्य भाग, मॅसॅच्युसेट्स त्यातच) लिंकन घराण्याशी नातं जोडायचा प्रयत्न झाला पण मॉर्डेकाय, सॉलोमन, लिव्हाय, अब्राहम अशी नावं दोन्हीकडे सारखी आहेत यापलीकडे हाती काही लागलं नाही म्हणे. पण ती नावंच खरी वाट दाखवत होती.

सुरुवात इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातून. स्वॉन्टन मॉर्ली गावात रिचर्ड लिंकन म्हणून बऱ्यापैकी जमीनजुमला असलेला माणूस होता, त्याची चार लग्नं झाली. एडवर्ड हा पहिल्या बायकोचा मुलगा, म्हणजे थोरला, रीतीप्रमाणे वारस. पण 1620 ला रिचर्ड वारला तेव्हा मृत्युपत्रात मालमत्ता चौथ्या बायकोच्या मुलांकडे गेलेली. एडवर्ड जवळच्या हिंगहॅम गावात (हे इंग्लंडमधलं मूळ हिंगहॅम) छोट्याशा जागेवर राहिला आणि तिथेच वारला. त्याच्या मुलांना गावात पुढे काही दिसत नव्हतं. हे मृत्युपत्र मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा कागद वाटतो, कारण पुढे अमेरिकेत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडताना दिसते, बाप दुसरं लग्न करतो, जमीन धाकट्या घराकडे जाते किंवा एकट्या थोरल्याकडे जाते, आणि उरलेला मुलगा पुढच्या सरहद्दीकडे सरकतो.

त्यात धर्माचं कारण होतंच. हिंगहॅमचे धर्मगुरू रॉबर्ट पेक हे प्युरिटन (म्हणजे इंग्लंडच्या चर्चमध्ये आणखी सुधारणा हव्यात म्हणणारे कडवे ख्रिस्ती) विचारांचे, आणि नॉरविचचे बिशप मॅथ्यू रेन प्युरिटनांच्या मागे हात धुऊन लागलेले. 1633 पासून गावातली आणि आजूबाजूची माणसं निघायला लागली, 1638 मध्ये तर डिलिजंट नावाच्या एकाच जहाजातून 133 जण गेले, खुद्द पेकही त्यात. बोस्टनच्या दक्षिणेला बेअर कोव्ह नावाची वस्ती होती तिला 1635 मध्ये हिंगहॅम नाव मिळालं. डॅनियल कुशिंग नावाचा गावचा कारकून होता त्याने कोण कुठल्या वर्षी आलं याची यादी करून ठेवली, 1639 पर्यंत नॉरफोकहून 206 माणसं. अशी यादी त्या काळातल्या फार कमी गावांना लाभली. आज हिंगहॅममधून आलेल्या घराण्यांचा शोध घेणारा प्रत्येकजण त्या कारकुनाचं देणं लागतो असं माझं मत आहे.

एडवर्डचा मुलगा सॅम्युएल 1637 मध्ये आला. नॉरविचचा विणकर फ्रान्सिस लॉज कुटुंबासह निघाला त्याच्याबरोबर नोकर-शिकाऊ म्हणून. ग्रेट यारमथ बंदरात निघणाऱ्यांची चौकशी करून नोंद व्हायची, त्यात सॅम्युएलचं वय 18 लिहिलंय, पण हिंगहॅमच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद आहे ऑगस्ट 1622 ची, म्हणजे पोरगा जेमतेम 15 चा. वय वाढवून सांगितलं का नोंदीतच काही घोळ झाला, यावर वंशावळीवाले बराच काथ्याकूट करत आलेत. असो, तो आधी सेलमला उतरला आणि मग हिंगहॅमला आला कारण त्याचे दोन भाऊ, थॉमस आणि डॅनियल, तिथे आधीच पोचलेले.

आता इथे शोध घेणाऱ्याची खरी परीक्षा. त्या एका छोट्या गावात थॉमस लिंकन नावाचे चार जण होते! गावाने तेव्हाच उपाय काढला, धंद्यावरून नाव, थॉमस विणकर, थॉमस पिंपवाला (म्हणजे लाकडी पिंपं बनवणारा), थॉमस चक्कीवाला आणि थॉमस शेतकरी. सॅम्युएलचा भाऊ तो विणकर. 1781 ला यॉर्कटाउनला ब्रिटिशांची शरणागतीची तलवार स्वीकारणारे जनरल बेंजामिन लिंकन पिंपवाल्याच्या वंशातले, म्हणून अब्राहम लिंकनच्या थेट घराण्यातले नाहीत. एक थॉमस चुकला की अख्खी वंशावळ चुकते.

जमिनीबद्दल अजून एक सांगायलाच हवं, ती रिकामी नव्हती. मॅसॅच्युसेट्स नावाच्या मूळ अमेरिकन जमातीचा प्रमुख चिकाटाबट याच्या मुलांकडून हिंगहॅमच्या जमिनीचं खरेदीखत झालं 4 जुलै 1665 ला, म्हणजे गाव वसून, शेतं वाटून तीस वर्षं झाल्यावर. कागद नंतर, कब्जा आधी.

सॅम्युएलला 11 मुलं झाली, तो 1690 मध्ये वारला. त्यातला मॉर्डेकाय (जन्म 1657) लोहार झाला, जवळच्या हल गावात लग्न केलं, सासऱ्याचं नाव अब्राहम जोन्स. घराण्यात अब्राहम हे नाव आलं ते या आजोळाकडून. मॉर्डेकायने सिच्युएटजवळ लोखंड गाळायचा कारखाना उभा केला, पैसा कमावला. बायको 1702 च्या सुमारास गेली, त्याने दुसरं लग्न केलं, आणि पहिल्या घरचे दोघे थोरले, मॉर्डेकाय आणि अब्राहम, काही वर्षांत न्यू जर्सीला निघून गेले. दुसऱ्या लग्नामुळेच गेले असं कुठल्या कागदात लिहिलेलं नाही, पण 1727 ला बाप वारला तेव्हा या दोघांच्या वाट्याला रोख रक्कम आली आणि मॅसॅच्युसेट्समधली जमीन मागे राहिलेल्यांना, एवढं मात्र कागदावर आहे.

न्यू जर्सीतला हा धाकटा मॉर्डेकाय मला सगळ्यात कर्तबगार वाटतो. हॅना सॉल्टरशी लग्न केलं, ते वजनदार घराणं, तिचा मामा जॉन बाउन हा मोठा व्यापारी. त्यांची मुलगी डेबोरा 1720 मध्ये वारली, वय तीन वर्षं चार महिने, तिच्या थडग्याचा दगड न्यू जर्सीत सापडलेला आहे आणि त्यावर आडनाव लिंकन असलं तरी स्पेलिंग वेगळं. हे स्पेलिंगचं प्रकरण पुढे केंटकीपर्यंत चालतं. त्याच सुमारास मॉर्डेकाय पेनसिल्व्हेनियात चेस्टर काउंटीत कॉव्हेंट्रीला लोखंडाच्या भट्टीत एक तृतीयांश भागीदार झाला, 1725 मध्ये तो हिस्सा 500 पौंडांना विकला, मग आजच्या बर्क्स काउंटीत जमीन घेऊन 1733 मध्ये दगडी घर बांधलं. ते घर अजून उभं आहे. शेजारी बून कुटुंब, तेच केंटकीची वाट काढणाऱ्या प्रसिद्ध डॅनियल बूनचं, आणि मॉर्डेकायच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलाचं लग्न पुढे डॅनियलच्या चुलत बहिणीशी झालं.

हॅना गेल्यावर यानेही दुसरं लग्न केलं. 1736 मध्ये तो वारला तेव्हा पेनसिल्व्हेनियातली घराभोवतीची चांगली जमीन दुसऱ्या बायकोच्या मुलांना, आणि हॅनाचा मुलगा जॉन, याला न्यू जर्सीतली 300 एकर. म्हणजे स्वॉन्टन मॉर्लीची पुनरावृत्ती, फक्त जरा सौम्य.

आणि नेमकी हीच 300 एकर जमीन पुढच्या संशोधकांच्या कामाला आली. जॉनने ती नंतर विकली आणि त्या व्यवहारात आपण मॉर्डेकायचा मुलगा आहोत हे नोंदवलं गेलं. मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, चार ठिकाणचे लिंकन एकाच कुटुंबातले हे सिद्ध झालं ते कुणाच्या आठवणीवरून नाही, मृत्युपत्रं आणि खरेदीखतं एकमेकांना जोडून. सॅम्युएल शॅकफर्डने 1887 मध्ये बरंच जुळवलं, 1909 मध्ये ली आणि हचिन्सन यांनी इंग्लंडकडची बाजू रिचर्डच्या मृत्युपत्रापर्यंत नेली, 1923 ला वॉल्डो लिंकन यांनी घराण्याचा मोठा ग्रंथच काढला. म्हणजे अब्राहम लिंकनच्या हत्येनंतर दोन दशकांहून जास्त काळाने ही साखळी जुळायला लागली. गंमत म्हणजे 1848 च्या प्रचारदौऱ्यात तो वुस्टरला माजी गव्हर्नर लिव्हाय लिंकन यांच्या घरी जेवला होता, ते दोघे एकाच सॅम्युएलचे वंशज, आणि नातं खरं आहे हे खात्रीने सांगता येईल असा कागद तेव्हा दोघांकडेही नव्हता.

जॉन, ज्याला वंशावळीत व्हर्जिनिया जॉन म्हणतात, विणकर होता. 1768 मध्ये तो शेनँडोआ खोऱ्यात लिनव्हिल क्रीकला गेला, 600 एकर घेतली. तो एकटाच गेला असं नाही, पेनसिल्व्हेनियात जमीन महागली होती आणि जर्मन, स्कॉच-आयरिश, क्वेकर सगळेच त्या खोऱ्याच्या रस्त्याने दक्षिणेला सरकत होते. त्याची एक शाखा तिथेच स्थिरावली आणि पुढे गुलाम बाळगून होती, हे विसरून चालणार नाही, ज्याने गुलामी संपवणाऱ्या जाहीरनाम्यावर सही केली त्याचेच चुलत घरचे लोक.

जॉनचा मुलगा कॅप्टन अब्राहम, म्हणजे लिंकनचा आजोबा, याने 1780 मध्ये केंटकीच्या जमिनीची वॉरंटं (तेवढी जमीन घेण्याची सरकारी हक्कपत्रं) विकत घेतली. त्यात नाव लिहिलंय लिंकहॉर्न. मरेपर्यंत त्याच्या नावावर पाच हजार एकरांहून जास्त जमीन झाली. पण केंटकी म्हणजे शॉनी आणि इतर मूळ अमेरिकन जमातींची शिकारीची भूमी, आणि ते लढत होते. मे 1786 मध्ये शेतात काम करताना कॅप्टन अब्राहमला गोळी लागली. थोरला मुलगा मॉर्डेकाय बंदूक आणायला घराकडे धावला, मधला जोसाया मदतीसाठी किल्ल्याकडे, आणि आठ वर्षांचा थॉमस बापाच्या प्रेताजवळ. एक हल्लेखोर थॉमसकडे येत होता त्याला मॉर्डेकायने घरातून टिपला. ही गोष्ट थॉमस आयुष्यभर सांगायचा, आणि लिंकनने लिहून ठेवलंय की लहानपणच्या गोष्टींपैकी हीच मनावर सगळ्यात खोल कोरली गेली.

आता कायदा बघा. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग. तिथे मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाला. थॉमस जेफरसनच्या (पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला व्हर्जिनियाचा नेता) सुधारणांमुळे हा नियम रद्द करणारा कायदा 1785 मध्ये मंजूर झालेला होता, पण लागू होणार होता 1 जानेवारी 1787 पासून. कॅप्टन अब्राहम सात-आठ महिने आधी गेला. सगळं मॉर्डेकायला, थॉमसला शून्य. तो लहानपणापासून मजुरी करत वाढला, सुतारकाम शिकला. झोपडीतल्या जन्माची खरी पार्श्वभूमी ही आहे, गरिबी वडिलोपार्जित नव्हती, ती एका तारखेने आली.

तरी थॉमस आळशी बिनकामाचा होता हे जे लिहिलं जातं ते मला अजिबात पटत नाही. त्याने केंटकीत एकामागून एक तीन शेतं घेतली. पण व्हर्जिनियाने आधी मोजणी न करताच वॉरंटं विकली होती, लोक एखादं ओकचं झाड, ओढ्याचं वळण अशा खुणा धरून हद्द लिहायचे, एकाच जमिनीवर तीन-तीन जणांचे दावे. पहिल्या शेतात मोजणीच्या घोळामुळे 238 एकर घेऊन विकताना 200 च भरली, दुसरं सिंकिंग स्प्रिंगचं, जिथे 12 फेब्रुवारी 1809 ला अब्राहम जन्मला, ते हक्काच्या वादात गेलं, तिसऱ्या नॉब क्रीकच्या शेतावरून हुसकावण्याचा दावा लागला. डिसेंबर 1816 मध्ये कुटुंब ओहायो नदी ओलांडून इंडियानात गेलं. तिथे केंद्र सरकारने आधी चौकोनी मोजणी करून मग जमीन विकली होती, त्यामुळे हक्क पक्का, आणि गुलामीला बंदी. लिंकनने स्वतः सांगितलंय की स्थलांतराचं एक कारण गुलामी, पण मुख्य कारण जमिनीचे वाद.

आईकडची बाजू मात्र अशी कागदावर सापडत नाही. बायकांच्या नावावर जमीन नाही, त्यामुळे खरेदीखतं नाहीत, म्हणून लिंकनची आई नॅन्सी हँक्स कोणाची मुलगी यावर शंभर वर्षांहून जास्त वाद चालला, काहींनी तर तिला चांगल्या घरची ठरवण्यासाठी वेगळीच वंशावळ मांडली. 2015 मध्ये हँक्स घराण्यातल्या बायकांच्या आईकडून येणाऱ्या डीएनएची तुलना प्रसिद्ध झाली, आणि नॅन्सी ही ल्यूसी हँक्सची मुलगी होती या बाजूने निकाल आला. नॅन्सीचा बाप कोण होता, याला अजून पुरावा नाही.