पासवर्ड बदलला, पण कॅमेऱ्याने ऐकलंच नाही

वेबसाईटमध्ये सुरक्षेचं भोक सापडलं तर सर्व्हरवरचा कोड बदलायचा आणि दुसऱ्या मिनिटाला सगळ्यांना दुरुस्त साईट दिसते, आपल्याला पत्ताही लागत नाही. पण तेच भोक जिन्यात टांगलेल्या कॅमेऱ्यात असलं तर? तिथे कोण चढणार?

२०१६ मधला मिराई हा उपकरणांत घुसणारा प्रोग्रॅम घ्या. काही भयंकर हुशार व्हायरस वगैरे नव्हता हो तो, इंटरनेटवर जे कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारे डबे), राउटर टेलनेट (लांबून आत शिरून हुकूम सोडायचं जुनं दार) उघडं ठेवून बसलेले त्यांच्यावर 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' छापाच्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या मारून बघायचा, बस्स, एवढ्यावर लाखो डबे त्याच्या ताब्यात गेले. २१ ऑक्टोबर २०१६ ला असल्याच डब्यांनी डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर, एकदम विनंत्यांचा मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट बराच वेळ गचके खात होते.

आता गंमत बघा. यातल्या कित्येक डब्यांमध्ये मालकाने डब्याच्या सेटिंगच्या वेबपेजवर जाऊन पासवर्ड बदलला तरी उपयोग शून्य, कारण टेलनेटचा पासवर्ड फर्मवेअरमध्येच (डब्यात कारखान्यातूनच भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) कोरलेला, त्या वेबपेजला तो आहे हेही माहीत नाही! डबा बंद करून चालू केला की मिराई मेमरीतून पुसला जायचा, पण दार तसंच उघडं, त्यामुळे थोड्या वेळात परत हजर. आणि कॅमेरा चित्र तर नीट दाखवतोय, मग मालकाला संशय येणार कुठून.

शिवाय वेबसाईटचा सर्व्हर कुलूपबंद खोलीत असतो, कॅमेरा मात्र कुणीही विकत आणून टेबलावर उघडू शकतो. आतल्या बोर्डवर बऱ्याचदा सिरीयल पोर्टच्या, म्हणजे वायर जोडून डब्याशी थेट बोलायच्या, तीन-चार पिना सापडतात, नाहीतर साठवणुकीच्या फ्लॅश चिपमधून अख्खं फर्मवेअर वाचून काढायचं. सगळ्या डब्यांत एकच गुप्त किल्ली (पासवर्डसारखा कोड) घातली असेल (घालतात, स्वस्त पडतं) तर एक फोडला की सगळे फुटले.

बरं, अपडेट पाठवायचं म्हटलं तर मेमरी इवलीशी, मध्येच लाईट गेली आणि जुनं फर्मवेअर राखून ठेवायची सोय नसली तर डब्याची वीट, म्हणजे तो कायमचा निकामी. गाड्यांचंही तेच. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी चालती जीप चेरोकी लांबून ताब्यात घेऊन दाखवली तेव्हा १४ लाख गाड्या रिकॉलमध्ये (दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात) आल्या आणि कंपनीने मालकांना चक्क पोस्टाने अपडेटचे पेनड्राइव्ह पाठवले! वेबवाल्यांना हे सांगितलं तर हसतील.

ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्यांना एकच सोपा डिफॉल्ट पासवर्ड घालून असली उपकरणं विकायला कायद्याने बंदी घातलीये. चांगलंच आहे, पण कायदा नव्या मालाला, आधीच भिंतीवर चढलेले कॅमेरे आहेत तिथेच आहेत.