रॉजर्स पासचा हिवाळी परवाना: कोणाला लागतो, कसा मिळतो आणि तोफांचा त्याच्याशी काय संबंध

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला परवाना म्हणजे पावती वाटते. पायथ्याच्या गावात टेबलावरच्या वहीत नाव लिहायचं, पैसे द्यायचे, पावती खिशात टाकायची आणि गडाच्या वाटेला लागायचं. कॅनडातल्या रॉजर्स पासला हिवाळ्यात स्की घेऊन निघालेल्यांनी ही सवय घरीच ठेवावी. इथला हिवाळी परवाना फुकट मिळतो, पण तो हातात आहे म्हणून डोंगर त्या दिवशी उघडा असेलच असं नाही. ज्या उतारांवर तुम्ही चढणार आहात, त्यांतल्या काही उतारांवर सैन्य तोफा डागतं.

खरोखरच्या तोफा, १०५ मिलिमीटरच्या हॉवित्झर. रॉजर्स पास ही ब्रिटिश कोलंबियातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधली सुमारे १,३३० मीटर उंचीची खिंड. १८८५ मध्ये इथून कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे गेली आणि पुढच्या पंचवीसेक वर्षांत दोनशेहून जास्त रेल्वे कामगार हिमस्खलनांत गेले. ४ मार्च १९१० च्या रात्री एका बाजूच्या डोंगरावरून रुळांवर आलेला बर्फ कामगार उपसत होते, तेवढ्यात समोरच्या डोंगराचा उतार सुटला आणि ५८ माणसं गाडली गेली. त्यांत ३२ जपानी मजूर होते. १९१६ मध्ये रेल्वेने खिंड सोडली आणि डोंगराखालून आठ किलोमीटरचा बोगदा काढला. पण १९६२ मध्ये ट्रान्स-कॅनडा महामार्ग पुन्हा त्याच खिंडीतून गेला. या रस्त्यावर शंभराहून जास्त हिमस्खलनांच्या वाटा उतरतात. वर साचलेला बर्फ आपल्या मर्जीने कोसळण्याआधी, गाड्या थांबवून, तोफगोळ्यांनी तो थोडाथोडा पाडायचा, ही पद्धत तेव्हापासून चालू आहे. पार्क्स कॅनडा या राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचे हिमतज्ज्ञ वेळ आणि जागा ठरवतात, कॅनडाचं सैन्य तोफ चालवतं.

प्रत्येक लक्ष्याचं माप आधीच नोंदवलेलं असतं, त्यामुळे रात्री, ढगात, वादळातही गोळा बरोबर जागी पडतो. म्हणजे तोफेजवळच्या माणसाला उतार दिसत नसतो आणि तिथे कोणी असेल तर तोही दिसत नाही. सगळी परवाना पद्धत या एका अडचणीतून जन्मली आहे. हे नीट समजलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

तीन प्रकारचे भाग

पार्कने खिंडीच्या आसपासचा मुलूख हिवाळ्यासाठी तीन प्रकारांत वाटला आहे. पहिला कायम मनाईचा. तिथे संपूर्ण हंगामात कोणीही जायचं नाही, परवाना असला तरी नाही. दुसरा निर्बंधाचा. या भागातले उतार तोफांच्या माऱ्याखाली येतात, पण मारा नसेल त्या दिवशी ते लोकांसाठी उघडतात. परवाना लागतो तो इथेच. तिसरा मोकळा. तिथे तोफांचा प्रश्न नाही, म्हणून हिवाळी परवान्याचाही नाही.

निर्बंधाच्या भागाची स्थिती रोज सकाळी जाहीर होते. कालची स्थिती आज चालत नाही. रात्रीत चाळीस सेंटिमीटर बर्फ पडला तर काल उघडी असलेली नाळ आज बंद असते, आणि नेमक्या अशाच सकाळी ताज्या बर्फाच्या ओढीने सगळे घाईत असतात. गाडी लावायच्या काही जागाही याच यादीत असतात. जागा त्या दिवशी उघडी नसेल तर तिथे गाडी लावायची नाही, मग तुम्ही मोकळ्या भागात जाणार असलात तरी. गाडी रिकामी आहे की तिचा मालक वर उतारावर आहे, हे तोफ डागण्याआधी कोणीतरी शोधत बसतं आणि तेवढा वेळ महामार्ग दोन्ही बाजूंनी अडून राहतो.

कोणाला लागतो

नियम जागेचा आहे, खेळाचा नाही. स्कीच्या तळाला स्किन, म्हणजे चढताना मागे घसरू न देणारी पट्टी, लावून चढणारे, स्नोबोर्डवाले, स्नोशू घालून चालणारे, आइस अ‍ॅक्स आणि क्रॅम्पॉन घेऊन गोठलेल्या धबधब्याकडे निघालेले, निर्बंधाच्या भागात पाऊल टाकणाऱ्या सगळ्यांना परवाना लागतो. 'आम्ही फक्त खालून फोटो काढणार आहोत' हे कारण चालत नाही. नागरिकत्वाची किंवा पीआरची, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याची, अट नाही. पुण्याहून आठवड्यासाठी आलेल्या भाच्यालाही परवाना मिळतो.

मुलांच्या बाबतीत मात्र जरा थांबून वाचा, कारण आपल्याकडच्या मंडळांना आणि शिबिरं भरवणाऱ्यांना हा नियम सहसा माहीत नसतो. १ फेब्रुवारी २००३ रोजी इथल्याच कॉनॉट क्रीकच्या दरीत चिऑप्स पर्वतावरून बर्फ सुटला. कॅल्गरीजवळच्या एका शाळेची सतरा जणांची तुकडी खाली होती. त्यांतली सात मुलं गेली. दहावीची मुलं. त्यानंतर पार्क्स कॅनडाने हिमस्खलनाच्या धोक्यानुसार प्रदेशाचं साधा, आव्हानात्मक आणि गुंतागुंतीचा असं वर्गीकरण केलं आणि संस्थेच्या ताब्यातल्या मुलांसाठी वेगळे नियम आणले. शाळा, स्काउट, देऊळ, महाराष्ट्र मंडळ अशा कोणत्याही संस्थेच्या गटात एक जरी अल्पवयीन मूल आईवडिलांशिवाय असेल, तर तो गट या नियमात येतो. हिवाळ्यात अशा गटाला गुंतागुंतीच्या प्रदेशात जायला मनाई आहे. आव्हानात्मक प्रदेशात जायचं तर कॅनेडियन गाइड संघटनेचा प्रमाणित गाइड आणि पार्कची वेगळी परवानगी लागते. आपल्या मुलाला घेऊन आईवडील स्वतः जात असतील तर हा नियम लागू होत नाही. सहल आखण्याआधी पार्कच्या कार्यालयाशी लेखी बोलून घ्या, बस ठरवल्यावर नाही.

परवाना काढायचा कसा

परवाना दोन प्रकारचा: रोजचा आणि वार्षिक. एकदोनदा जाणाऱ्याला रोजचा पुरतो. हंगामात पुन्हा पुन्हा जाणाऱ्याने वार्षिक काढावा. त्यासाठी पार्क्स कॅनडाच्या संकेतस्थळावर पद्धतीची माहिती वाचून एक प्रश्नमंजुषा सोडवावी लागते. प्रश्न कठीण नाहीत, पण नकाशा न पाहता उत्तरं ठोकू नका. कोणता भाग बंद, कोणती जागा गाडीसाठी, हद्द कुठल्या ओढ्यावर संपते, हेच विचारलेलं असतं आणि अंधारात हेडटॉर्चच्या उजेडात हेच आठवायचं असतं. वार्षिक परवाना त्या हिवाळ्यापुरताच असतो. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा, कारण हद्दी बदलू शकतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याने मात्र शक्य असेल तर खिंडीतल्या रॉजर्स पास डिस्कव्हरी सेंटरमध्ये जावं, असं मी आग्रहाने सांगेन. रेल्वेने रुळांवर बांधलेल्या जुन्या लाकडी हिमछपरांच्या धर्तीची ही इमारत आहे. आत खिंडीची प्रतिकृती मांडलेली आहे. टेबलामागच्या माणसाला 'आज आम्ही इथून चढून तिथून उतरणार' असं बोट ठेवून सांगितलं की तो हद्द कुठे ओलांडली जाते ते दाखवतो. कागदी नकाशावर दोन मिलिमीटरची वाटणारी चूक प्रत्यक्षात अख्खी सोंड असते. केंद्राचे हिवाळी वार आणि वेळा आधी पाहून घ्या.

सोबत काय असावं

परवाना स्वतःजवळ ठेवायचा आणि त्याचा गाडीसाठीचा कागद डॅशबोर्डवर, बाहेरून वाचता येईल असा. बर्फाने काच झाकते, म्हणून निघताना एकदा पुसून बघा. याशिवाय नॅशनल पार्कचा प्रवेश पास लागतो. हिवाळी परवाना फुकट असला तरी हा पास विकतचा आहे आणि दोन्ही वेगळे. वर्षभराचा डिस्कव्हरी पास असेल तर तो इथे चालतो. गाडीला हिवाळी टायर हवेत. ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरी महामार्गांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल त्यांची सक्ती असते. मुक्कामाचा बेत असेल तर त्याची सोय वेगळी. व्हीलर हट आणि असुल्कन केबिन या अल्पाइन क्लब ऑफ कॅनडाच्या झोपड्या आहेत, जागा त्यांच्याकडेच राखायची.

भारतातून येणाऱ्यांनी प्रवास विम्याची बारीक अक्षरं वाचावीत. साध्या पॉलिसीत आखलेल्या मैदानाबाहेरचं स्कीइंग आणि दोर लावून केलेली चढाई बहुतेक वेळा वगळलेली असते.

परवाना काय सांगत नाही

सगळ्यांत मोठा गैरसमज इथे होतो. 'आज उघडा' याचा अर्थ आज तिथे तोफ डागणार नाहीत, एवढाच. उतार सुटणार नाही असं त्यात कोणीही म्हटलेलं नाही. २००३ ची मुलं तोफेने गेली नाहीत, बर्फाने गेली. म्हणून भागाची स्थिती आणि हिमस्खलनाचं पत्रक ही दोन वेगळी पानं दोन्ही वाचायची. पत्रकात धोका एक ते पाच या पायऱ्यांत असतो आणि त्याखाली कोणत्या दिशेचे, किती उंचीचे उतार बिथरले आहेत ते लिहिलेलं असतं. आकडा बघून पान बंद करू नका, खरी माहिती त्या खालच्या मजकुरात आहे.

अंगावर ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग देणारं रेडिओ यंत्र) आणि पाठीवर प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) व फावडं प्रत्येकाकडे हवं, गटात मिळून एक नव्हे. गाडलेल्याला बाहेरून मदत येईपर्यंत उशीर झालेला असतो. पहिल्या काही मिनिटांत सोबतीच खणतात. रस्त्याच्या बहुतेक पट्ट्यात फोनला रेंजही नाही. हिमस्खलन सुरक्षेचा दोन दिवसांचा पहिला वर्ग अ‍ॅव्हलान्च कॅनडा या संस्थेच्या अभ्यासक्रमाप्रमाणे ठिकठिकाणी शिकवतात. तो परवान्याची अट नाही, पण तो न करता मी कोणालाही सोबत नेत नाही. सह्याद्रीतला दहा वर्षांचा अनुभव दम टिकवायला उपयोगी पडतो. थरांत साचलेला बर्फ वाचायला तो उपयोगी पडत नाही, ती लिपीच वेगळी आहे.

बंद भागात शिरल्यास कॅनडाच्या नॅशनल पार्क कायद्याखाली २५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो आणि परवाना काढून घेतला जातो. आणि चालताना बर्फात अर्धवट रुतलेला धातूचा गोळा किंवा नळकांडं दिसलं तर त्याला हात लावू नका, स्कीच्या टोकानेही नाही. तो न फुटलेला तोफगोळा असू शकतो. जागा लक्षात ठेवा, आल्या वाटेने मागे फिरा आणि खाली येऊन पार्कच्या कर्मचाऱ्यांना सांगा.