हलक्या विमानांसाठी घरगुती मार्गविचलन दर्शक

ठरलेल्या मार्गापासून विमान डावीकडे की उजवीकडे, आणि किती सरकले आहे, हे दाखवणारे हौशी विमानबांधकांनी स्वतः जुळवलेले इलेक्ट्रॉनिक उपकरण. वैमानिक त्याला सीडीआय (कोर्स डेव्हिएशन इंडिकेटर) म्हणतात.

व्हीओआर ही जमिनीवरची, विमानांना दिशा दाखवणारी रेडिओ केंद्रे १०८ ते ११७.९५ मेगाहर्ट्झवर ३० हर्ट्झचे दोन संकेत सोडतात. त्यांच्या फेजमधल्या (लहरींच्या पुढे-मागे असण्यातल्या) फरकावरून विमान केंद्राच्या कोणत्या दिशेला आहे हे कळते. १० अंशांचे विचलन झाले की दर्शकाचा काटा कडेला टेकतो. हे संकेत उलगडणारा रिसीव्हर घरी बांधणे बरेच कटकटीचे. त्यामानाने जीपीएसचे काम सोपे आहे, आणि २ मे २००० रोजी अमेरिकेने त्यातली हेतुपुरस्सर चूक काढून टाकल्यावर ते हौशींच्या अधिकच उपयोगाचे झाले. अनेक रिसीव्हर एनएमईए ०१८३ या प्रमाणानुसार सेकंदाला ४८०० बिट या वेगाने मजकुराच्या ओळी पाठवतात. त्यांतल्या आरएमबी ओळीत मार्गापासूनचे आडवे अंतर सागरी मैलांत असते. पुढचे एल किंवा आर हे अक्षर विमान कुठे वळवायचे ते सांगते. मायक्रोकंट्रोलरने (एका चिपवरच्या छोट्या संगणकाने) ही ओळ वाचून काटा हलवायचा, किंवा एलईडींच्या रांगेतला योग्य दिवा लावायचा. कॉकपिटमधल्या उन्हात साधे एलईडी फिके पडतात. काटा मात्र स्पष्ट दिसतो.

खरी अडचण काट्याच्या शून्याची आहे. मध्यशून्य मीटरचा वीजपुरवठा तुटला की काटा मधोमध येऊन थांबतो, म्हणजे बंद पडलेले यंत्र ‘विमान अचूक मार्गावर आहे’ असेच सांगत राहते. म्हणून तयार उपकरणांत इशारा देणारे निशाण असते, आणि वीज गेली की ते आपोआप पुढे येते. घरगुती रचनेतही ते हवेच. त्याविना दर्शक पॅनेलवर बसवूच नये. आरएमबी ओळीत ए (माहिती ग्राह्य) ऐवजी व्ही (माहिती अग्राह्य) आला, ओळीच्या शेवटचा तपासणी-आकडा (चेकसम) जुळला नाही किंवा काही सेकंद नवी ओळच आली नाही, तरीही निशाण दिसले पाहिजे.

पुरवठा सहसा १४ किंवा २८ व्होल्टचा असतो आणि त्यात अल्टरनेटरचा गोंगाट मिसळतो, त्यामुळे फिल्टर लागतो. मायक्रोकंट्रोलरची खरखर रेडिओत शिरू नये म्हणून धातूची पेटी वापरतात. प्रमाणित विमानात असे उपकरण मंजुरीशिवाय कायमचे बसवता येत नाही. हौशी बांधणीच्या विमानात मोकळीक अधिक असली, तरी ढगांतल्या उड्डाणात त्यावर विसंबू नये. मीटरमध्ये चुंबक असतो, तेव्हा तो होकायंत्रापासून दूर बसवतात आणि बसवल्यावर होकायंत्राची चूक पुन्हा मोजतात.